हे कासव नेमकं कुठलं?

गोव्यात कुणाच्या गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) अनोळखी कासव निघालं की त्याचा फोटो लगेच फिरू लागतो. फोटो हमखास वरून काढलेला आणि खाली एकच प्रश्न: कुठलं हे? अर्ध्या तासात उत्तरंही येतात. जवळजवळ सगळी रंग बघून दिलेली, आणि निम्मी तरी ‘स्टार’, म्हणजे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव, म्हणणारी. खरं तर कासवाच्या बाबतीत रंग सगळ्यात शेवटी बघायचा असतो. एवढं एक पाळलं तर उरलेलं काम कुणालाही जमण्यासारखं आहे.

रानातल्या कासवाची ओळख निम्मी जागेवरूनच पटते. मोरजी, आगोंद किंवा गालजीबागच्या वाळूत रात्री अंडी घालायला आलेलं कासव बहुतेक वेळा ऑलिव्ह रिडलेच असतं. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून चाललेलं, पाठीवर एकही तुकडा नसलेलं, कातडीने मढवल्यासारखं कासव दिसलं तर ते झडपांचं मऊ पाठीचं कासव. देवळाच्या तळीत किंवा जुन्या विहिरीत काळपट, पाठीवर तीन उभ्या धारा असलेलं कासव दिसलं तर ते आपलं इथलं काळं कासव. जागा आणि ऋतू मिळून शक्यता दोन-तीनवर आणून ठेवतात.

पाळलेल्या कासवाला ही जागाच नसते. म्हापशाच्या फ्लॅटमधलं कासव मादागास्करचं असू शकतं, सहाराच्या दक्षिणेचं असू शकतं, ब्राझीलचं किंवा आंध्राच्या माळावरचंही असू शकतं. विकणाऱ्याने सांगितलेलं नाव आणि गाव दोन्ही धरून चालता येत नाही, कारण खरं सांगण्यात त्याचाच तोटा असतो. म्हणून इथे उलट्या बाजूने जायचं: आधी शरीर बघायचं, मग त्यावरून मुलूख काढायचा.

सुरुवात पायांपासून. पुढचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर कासव बहुधा समुद्रातलं, आणि ते कुणाच्या घरात असण्याचं काही कारणच नाही. बोटं सुटी दिसत असतील आणि त्यांच्यामध्ये पडदा असेल तर ते गोड्या पाण्यातलं. पाय हत्तीच्या पायासारखे जाड, गोल, बोटं वेगळी न दिसणारी आणि टोकाला फक्त नखं असतील तर ते जमिनीवरचं. हे बघायला दहा सेकंद लागतात, आणि कासवाचा जीव बऱ्याचदा याच दहा सेकंदांवर असतो. सापडलेलं कासव पुण्य म्हणून तळीत किंवा विहिरीत सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. देवळात गर्भगृहासमोर कूर्माला हात लावून पुढे जाणाऱ्या माणसाला कासव म्हणजे पाण्यातला जीव वाटणं साहजिक आहे. पण जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. विहिरीच्या सरळ भिंतीला धरून ते थोडा वेळ धडपडतं आणि बुडतं.

पाण्यातल्यांपैकी घराघरात सगळ्यात जास्त आढळतं ते अमेरिकेतलं लाल कानाचं कासव, एक्वेरियमवाले ‘स्लायडर’ म्हणून विकतात ते. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, पिवळ्या पोटावर काळे डाग. म्हातारपणी नर काळे पडतात आणि लाल पट्टा पुसट होतो, तेव्हा मात्र फसायला होतं. विकत घेताना ते जुन्या रुपयापेक्षा थोडंच मोठं असतं, काही वर्षांत जेवायच्या ताटाएवढं होतं, आणि मग मालकाला जवळची तळी आठवते. ते कुठेही सोडू नये, एवढं सांगून मी पुढे जातो, कारण खरा घोळ जमिनीवरच्या कासवांचा आहे.

घुमटासारखी पाठ आणि जाड पाय असलेलं कासव गोव्यात अंगणात फिरताना दिसलं तर ते बहुधा कुणाच्या तरी घरून सुटलेलं किंवा सोडलेलं असतं. सह्याद्रीत जमिनीवरच्या कासवाची एक खास जात आहे, त्रावणकोर कासव. पण ते केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या घाटजंगलातलं, लाजाळू. वस्तीतल्या अंगणात येणारं नव्हे. स्टार कासवाचा मुलूख म्हणजे गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, सिंध, दक्षिण भारताचा काही भाग आणि श्रीलंका. वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी कोकणपट्टी त्याच्या नकाशात बसत नाही.

आता पाठीचं कवच. त्यावरचे तुकडे म्हणजे हाडावर बसलेले शिंगद्रव्याचे पापुद्रे, आपल्या नखाच्याच जातीचे. मधल्या रांगेत पाच मोठे तुकडे असतात, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि सगळीकडून कडेची लहान तुकड्यांची रांग. यातली एकच जागा नीट बघायची आहे: मानेच्या बरोबर वर, कडेच्या रांगेच्या मधोमध. काही जातींत तिथे एक छोटा, अरुंद जादाचा तुकडा असतो. काही जातींत तो नसतो, आणि दोन्ही बाजूंचे तुकडे मधे येऊन थेट एकमेकांना भिडतात.

या एका तुकड्यावरून निम्मी यादी बाद होते. भारतीय स्टार, म्यानमारचा बर्मीज स्टार, आफ्रिकेतले लेपर्ड आणि सुल्काटा, दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव: या सगळ्यांत तो तुकडा नसतो. मादागास्करचं रेडिएटेड, ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनातलं लांबट पिवळं कासव, भूमध्य समुद्राभोवतालची ग्रीक आणि हरमन, अफगाणिस्तान-मध्य आशियातलं हॉर्सफील्ड: यांच्यात असतो. अवाढव्य कासवांनाही हीच खूण लागू पडते. सेशल्सच्या अल्डाब्रा कासवाला मानेवरचा तुकडा असतो, गालापागोसच्या कासवाला नसतो. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली गेलेला अद्वैत हा अल्डाब्राच होता.

मात्र एकाच खुणेवर शिक्का मारायचा नाही. इनक्युबेटरमध्ये तापमान चुकलं की पिल्लांच्या पाठीवर एखादा तुकडा जास्त येतो, कुठे दोन जोडले जातात. पाळीव कासवांत अशी वेडीवाकडी पाठ बरीच दिसते. म्हणून निदान तीन खुणा एकाच जातीकडे बोट दाखवायला हव्यात.

दुसरी खूण पोटावर असते, आणि फोटोत ती कधीच नसते. कासव उलटं करून ठेवायचं नाही. त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उलटं केलं की आतड्या-यकृताचा भार त्यांच्यावर येतो. दोन्ही हातांनी आडवं धरून डोळ्यांच्या पातळीवर उचलायचं आणि खालून बघायचं. घरात काचेचा टीपॉय असेल तर उत्तम: त्यावर कासव ठेवायचं, खाली मोबाईल धरायचा, काम झालं.

फोंड्यातल्या एका घरी मी असंच कासव बघितलं होतं. मालकीणबाई शेजाऱ्यांच्या नात्याने काकी. कासव प्लास्टिकच्या निळ्या टबात, घोटाभर पाण्यात मान वर करून उभं.

“काकी, हे कुठून आलं?”

“अरे, मुलाच्या मित्राने दिलं. तो बंगळूरला गेला, त्याला न्यायला जमेना. पण हे पोहतच नाही रे. आजारी आहे काय?”

“पोहणार नाही ते. आधी पाण्यातून बाहेर काढूया.”

पाठ काळीकुळकुळीत, चिकट. चमक यावी म्हणून काकी आठवड्याला खोबरेल चोळत होत्या, आणि त्या तेलावर घरभरची धूळ बसली होती. वरून बघून ते कुठल्याही जातीचं म्हणता आलं असतं. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मानेकडची कड घासली: मधला तुकडा नाही, दोन्ही बाजू थेट भिडलेल्या. मग एक बाजूचा तुकडा घासला. मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या पिवळ्या रेघा, मोजल्या तर नऊ. शेवटी काचेवर ठेवून खालून बघितलं. पोटही काळं, आणि त्यावरही तशाच फाकलेल्या पिवळ्या रेघा. तिथे प्रश्न मिटला.

कारण स्टारसारख्या दिसणाऱ्या तीन जाती पोटावर सरळ वेगळ्या पडतात. भारतीय स्टारच्या पोटावरही किरणं असतात, पाठीसारखीच. बर्मीज स्टारचं पोट फिकट पिवळं, त्यावर काळे ठसठशीत डाग, किरणं नाहीत. त्याच्या पाठीवरच्या रेघाही कमी, एका तुकड्यावर सहाच्या आसपास, पण सरळ आणि ठळक. रेडिएटेडच्या पोटावर मध्यभाग बराचसा पिवळा आणि कडेने काळे त्रिकोण. शिवाय त्याला मानेवरचा तुकडा असतो, डोक्याचा माथा काळा असतो आणि पाठ गुळगुळीत गोल असते. बर्मीज आणि रेडिएटेड दोन्ही निसर्गात अगदी धोक्यात आलेली आहेत, बाजारात मात्र दिसतात. भारतीय स्टारचीही गत काही फार बरी नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या एकाच भागातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जात असल्याचा अंदाज मांडला होता.

तिसरी खूण मागच्या मांडीवर. सुल्काटाच्या मांडीवर शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन जाड, टोकदार काटे उघड दिसतात. रंग सगळा एकच, वाळूसारखा पिवळट-तपकिरी. ठिपका नाही, रेघ नाही. पिल्लू पाच सेंटिमीटरचं आणि दिसायला फार गोड. “हे एवढंच राहतं” असं सांगून ते विकलं जातं. पूर्ण वाढलेला नर ऐंशी किलोच्या पुढेही जाऊ शकतो, आणि जमिनीत खोल बिळं खणणं हा त्याचा स्वभाव आहे. कुळागराच्या बांधाखाली असं एक कासव राहायला आलं तर काय होईल, हे कुळागरवाल्याला सांगायला नको.

ग्रीक कासवाच्याही मांडीवर काटा असतो, पण दोन्हीकडे एकेकच, आणि ते कासव लहानच राहतं. हरमनच्या मांडीवर काटा नाही. त्याच्या शेपटीच्या टोकाला नखासारखा कठीण भाग असतो आणि शेपटीच्या वरचा कवचाचा तुकडा बहुतेक वेळा दुभागलेला असतो. हॉर्सफील्डची पाठ बसकी आणि पुढच्या पायाला पाचऐवजी चार नखं. लाल पायांच्या कासवाचं नावच पुरेसं आहे, पुढच्या पायांवर लाल-नारिंगी खवले असतात. लेपर्डच्या फिकट पाठीवर किरणं नसून काळे तुटक डाग असतात, आणि मानेवर तुकडा नाही.

खरी पंचाईत होते ती त्रावणकोर आणि लांबट पिवळं कासव यांच्यात. दोघांचीही पाठ लांबट, पिवळट-तपकिरी, तुकड्या-तुकड्यावर काळे डाग. फोटोत जाणकारही अडतात. इथेही मानेवरचा तुकडाच उपयोगी पडतो: लांबट पिवळ्याला तो बहुतेक असतो, त्रावणकोरला बहुतेक नसतो. दोन्ही वेळा ‘बहुतेक’ लिहिलंय ते मुद्दाम. हा निर्णय घरी बसून घेऊ नये, जाणकाराच्या हातात द्यावा. कारण एक जात आपल्याच सह्याद्रीतली आणि दुसरी दीड-दोन हजार किलोमीटर लांबची. इथे चूक झाली तर कासव भलत्याच जंगलात सोडलं जाईल.

बंदिवासात कासवाच्या अंगावर खोट्या खुणाही उमटतात. पाठीवरचा प्रत्येक तुकडा टेकडीसारखा वर आलेला दिसला की लोक म्हणतात ‘नक्की स्टार’. स्टारला थोडे उंचवटे जात्याच असतात, हे खरं. पण कोरड्या खोलीत वाढवलेल्या जवळपास कुठल्याही जातीच्या पिल्लाची पाठ अशी होते. सुल्काटाच्या पिल्लांवर व्हिएन्नात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेतला कोरडेपणा हे त्याचं मुख्य कारण निघालं, खाण्यातली प्रथिनं नव्हे. दुसरी खोटी खूण म्हणजे वय. तुकड्यावरची वलयं मोजून “हे बावीस वर्षांचं” असं सांगणारे भेटतात. वलयं वाढीची असतात, वर्षाची नव्हे. भरपूर खायला मिळालं तर एका वर्षात दोन-तीन पडतात, उपासमार झाली तर एकही नाही. म्हातारपणी झिजून ती पुसलीही जातात. वाकडी वाढलेली चोच आणि लांब नखं हीसुद्धा जातीची खूण नाही. ते फक्त मऊ खाणं आणि गुळगुळीत फरशी यांचे परिणाम.

नर-मादी ओळखणं त्या मानाने सोपं. पूर्ण वाढलेल्या नराचं पोट आत दबलेलं आणि शेपटी लांब, मादीचं पोट सपाट आणि शेपटी आखूड. स्टारमध्ये मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. सुल्काटात उलट, नर मोठा.

एवढं करूनही कधी खुणा जुळत नाहीत. पोट एका जातीचं, मान दुसऱ्याच जातीची. जवळच्या जाती एकत्र पाळल्या की संकर होतात. अशा वेळी शेवटचा उपाय डीएनए. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वन्यजीव प्रयोगशाळा आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था हे काम करतात, पण ते वनखात्यामार्फत, बहुधा जप्तीच्या प्रकरणांत. त्यातही एक मेख आहे. नेहमीच्या तपासणीत पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाचा डीएनए बघतात, आणि तो फक्त आईकडून येतो. संकरित कासवाचा अहवाल त्यामुळे आईची जात सांगून मोकळा होतो, बापाची जात त्यात येतच नाही.

आणि जात ठरली म्हणून घर ठरलं असंही नाही. वायव्येकडची स्टार कासवं, दक्षिणेकडची आणि श्रीलंकेतली यांच्यात आनुवंशिक फरक आहेत. काकींच्या कासवाचं पोट बघून ते स्टार आहे हे कळलं, पण कच्छचं की रायलसीमेचं हे पोटावर लिहिलेलं नव्हतं. पकडलेली कासवं दिसेल त्या माळावर सोडली की रक्ताची सरमिसळ होते आणि पिंजऱ्यातले रोगही रानात जातात. जात सांगणारा माणूस ‘आता सोडून टाकूया’ म्हणाला तर त्याला थांबवा.

आता कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२चा, २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू. भारतीय स्टार आणि झडपांचं मऊ पाठीचं कासव पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळणं, विकणं, भेट देणं, सगळंच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि निदान पंचवीस हजार दंड. ‘मित्राने दिलं’ हे त्यावर उत्तर होत नाही. परदेशी जातींचा मामला निराळा. ज्या जातींचं नाव सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, त्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४च्या नियमांप्रमाणे. म्हणजे जात कुठली हा हौसेचा प्रश्न राहत नाही. सुल्काटा असेल तर कागद लागतात, स्टार असेल तर कुठलाच कागद चालत नाही.

म्हणून ओळखीसाठी फोटो काढायचे तर निदान सहा काढा. वरून एक, मानेकडची कड जवळून, शेपटीकडची कड जवळून, काचेखालून पोट, मागची मांडी आणि पुढच्या पायाची नखं. वरच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. उन्हात नको, सावलीत, फ्लॅश बंद करून, नाहीतर पिवळा रंग पांढरा दिसतो. आधी ओल्या फडक्याने पाठ पुसून घ्या. फोटो आणि सापडल्याची जागा घेऊन जवळच्या वनखात्याच्या कचेरीत जा किंवा फोन करा. कासव ताब्यात घ्यायचं की नाही, बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं की आणखी कुठे, हे त्यांनी ठरवायचं.

तोवर पुठ्ठ्याचा मोठा खोका, तळाला वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात सावली, आणि पसरट बशीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी. खायला जास्वंदीची पानं-फुलं किंवा शेवग्याचा पाला. दूध, भात, बिस्किट नको. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच, कारण ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.